थोडा आवाज येतोय

कुणीतरी खुर्चीची पाठ हलकेच ढकलली आणि बाई जाग्या झाल्या. आधी त्यांना वाटलं, आपण जाग्याच आहोत, कुणाची तरी खुर्ची ढकलायला निघालो आहोत आणि हात अजून पोचलेला नाही. मग समोर टेबल दिसलं, टेबलावर स्वतःचं कोपर, कोपराखाली उघडं मासिक आणि मासिकाच्या पानावर लाळेचा एक ओला डाग. वाचनालयाच्या उंच खिडक्यांमधून दुपारचं ऊन सरळ टेबलांवर पडलं होतं आणि त्या उजेडात झाकता येईल असं काहीच नव्हतं. मागे घड्याळवाले आजोबा उभे होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त करून आता रोज खिडकीजवळच्या जागेवर वर्तमानपत्रं वाचत बसणारे. ते किंचित वाकले आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "बाई, थोडा आवाज येतोय."

ते वाक्य बाईंचं होतं. वाचनखोलीच्या त्या प्रमुख होत्या आणि खोलीत झोपायला बंदी नव्हती, आवाजाला होती. लोक येत, वाचत, पेंगत, टेबलावर डोकं टेकून निवांत झोपत. बाईंची हरकत नसे. पण एखादा घोरायला लागला की त्या उठत, रबरी तळव्यांच्या चपलांनी त्याच्यामागे जाऊन उभ्या राहत, माणसाला हात न लावता फक्त खुर्चीची पाठ दोन बोटांनी ढकलत, आणि तो दचकून वर बघायला लागला की वाकून म्हणत, थोडा आवाज येतोय. 'घोरणं' हा शब्द त्यांनी त्या खोलीत कधीही उच्चारला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता. आपण किती नाजूकपणे हे करतो, असं त्यांना वाटे, आणि नव्याने कामावर येणाऱ्यांनाही त्या हे असंच शिकवत. जागा झालेला माणूस तोंड पुसायचा, इकडेतिकडे बघायचा, पुस्तकाचं पान उगाच उलटायचा आणि थोड्या वेळाने पिशवी उचलून निघून जायचा. काही पुन्हा कधीच आले नाहीत. ते का आले नाहीत, हा विचार आज दुपारपर्यंत बाईंच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, बाईसुद्धा त्यात हसल्या असत्या. पण समोरची रंगीत पेनांनी टिपणं काढणारी विद्यार्थिनी जरा जास्तच घाईने वहीत डोकं घालून बसली, आणि दाराजवळचे दोघे गृहस्थ एकदम एकाच वर्तमानपत्रात गढून गेले. सगळ्यांनी ऐकलं होतं. किती वेळ ऐकलं होतं? घड्याळवाले आजोबा मुळात संकोची माणूस. त्यांनी उठावं की नाही याचा बराच विचार केला असणार, म्हणजे तेवढा वेळ ही सगळी खोली शिस्तीने, गुपचूप, बाईंचं घोरणं ऐकत बसली होती. "हो का," बाई म्हणाल्या. "सॉरी हं." मग मासिक मिटून, डाग आत घेऊन, त्या ताठ चालत स्वच्छतागृहापर्यंत गेल्या आणि दाराला कडी लावून नळ नुसताच सोडून उभ्या राहिल्या. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की छे, मेलेल्याला निदान आवाज तरी नसतो.

खरं तर माणूस घोरणार की नाही हे बाईंना तो घोरायच्या आधी कळायचं. इतक्या वर्षांत इतके झोपलेले लोक पाहिल्यावर कुणालाही कळलं असतं. हाताची घडी घालून तिच्यावर गाल टेकवून झोपणारे निर्धोक. त्यांचा जबडा एका बाजूला, थोडा पुढे कलंडलेला असतो आणि श्वास मुकाट चालू राहतो. मान मागे टाकून झोपणारे धोक्याचे. त्यांची हनुवटी हळूहळू खाली, मग मागे जाते, तोंड उघडतं आणि घशात कुठेतरी दार कुरकुरल्यासारखं होतं. तसं झालं की बाई खुर्ची सरकवून उठायच्या. तिसरे, छातीवर हनुवटी टेकवून झोपणारे. ते घोरत नसत, शिट्टी वाजवत, आणि मधूनच एकदम गप्प होत, इतके गप्प की बाईंना बरं वाटायचं. मग एक मोठा आचका, आणि पुन्हा शिट्टी. हे सगळं त्यांना पाठ होतं. पण हनुवटी पुढेमागे झाल्याने आवाज का बदलतो, आणि तो गप्प राहिलेला माणूस त्या वेळात नेमकं काय करत असतो, हे प्रश्न त्यांना पडले नव्हते. त्यांना फक्त शांतता हवी असे. शांतता झाली की त्यांचं काम संपत असे.

नळ बंद करून त्यांनी आरशात पाहिलं. दोन्ही गालांवरून कानांच्या खालपर्यंत गेलेली वळी अजून दिसत होती. सकाळी पावडर लावली होती, पण झोपेत घाम येऊन ती गेली असावी. ही वळी कुणाच्या लक्षात येत नाही अशी त्यांची समजूत होती. आता कोणत्याच समजुतीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता.

ती वळी जिथून सुरू झाली ती सकाळ बाईंना जशीच्या तशी आठवत होती. नवऱ्याच्या चुलतभावाचं लग्न, घर पाहुण्यांनी भरलेलं, बायका-मुली सगळ्या एका लांब खोलीत ओळीने झोपलेल्या. सकाळी चहाच्या वेळी मोठ्या जाऊबाईंनी कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं, रात्री आपल्या खोलीत सुतार कुणी बोलावला होता? पहाटेपर्यंत करवत चालू होती बाई नुसती!" एकच हशा पिकला. बाईही हसल्या. अगदी मनापासून, सुतार कोण म्हणून इकडेतिकडे बघत हसल्या, आणि मग त्यांना दिसलं की सगळ्या त्यांच्याचकडे बघून हसताहेत. हसत नव्हती ती फक्त त्यांची मुलगी. दहाएक वर्षांची ती, दुधाच्या कपात बघत बसली होती, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. माझी लाज वाटतेय हिला, बाईंच्या मनात आलं. जावेचं बोलणं त्या केव्हाच विसरल्या असत्या, जाऊ सगळ्यांनाच बोलायची. पण त्या लाल कानाच्या पाळ्या काही त्यांना विसरता आल्या नाहीत. घरी परतल्यावर त्या आठवड्यातच त्यांनी सामानाची खोली रिकामी केली आणि मुलीचा पलंग तिकडे हलवला. "आता मोठी झालीस, स्वतःची खोली हवी," असं त्या म्हणाल्या. मुलीने आपली उशी उचलली आणि ती तिकडे गेली. नवऱ्याचा प्रश्नच नव्हता. तो एका कानाने बहिरा होता आणि चांगला कान उशीत खुपसून झोपायचा. त्यांच्या संसारात कधी खडाजंगी झाली नाही, याचं श्रेय लोक दोघांच्या समजूतदारपणाला देत.

मग स्कार्फ आला. तोंड उघडं राहतं म्हणून आवाज होतो, तेव्हा तोंड बांधावं, असा सरळ हिशोब. एक जुना मऊ सुती स्कार्फ त्यांनी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधून पाहिला, पण झोपेत तो मागे सरकायचा आणि सकाळी गळ्यात मिळायचा. शिवाय आरशात ते ध्यान बघवत नसे, जिवंत माणसाने असं बांधून घेऊ नये असं वाटायचं. थोड्या खटपटीनंतर युक्ती सापडली. स्कार्फ हनुवटीच्या खालून नाही, पुढून घ्यायचा, खालच्या ओठाच्या जरा खाली, आणि मानेमागे गच्च आवळून दुहेरी गाठ मारायची. मग तो हलत नसे. नवरा दिवा मालवल्यावरच अंथरुणात यायचा, त्याला ते कधी कळलं की नाही कोण जाणे. तो गेल्यावर तर लपवायचं कुणापासून हा प्रश्नही उरला नाही. तरी बाई स्कार्फ बांधतच राहिल्या. आवाज बंद झाला असं त्यांनी ठरवून टाकलं. सकाळी डोकं जड असे, घसा कोरडा पडे, दुपारी डोळ्यांवर झापड येई, पण वय झालं की कुणाला होत नाही?

याच स्कार्फामुळे त्या गेल्या कित्येक वर्षांत कुणाच्या घरी राहिल्या नव्हत्या. सहली नाकारल्या, लग्नं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या बेताने गाठली. आईला स्वतःच्या घराशिवाय झोप येत नाही, असं मुलगी आता सासरी सांगायची. आणि आता तिला सातवा महिना लागला होता. तिच्या फ्लॅटमध्ये झोपायची खोली एकच. बाळ झाल्यावर बाईंनी दोन महिने यावं आणि बाहेरच्या खोलीत विहीणबाईंच्या शेजारी झोपावं, अशी योजना होती. विहीणबाई शेजारी! त्यांच्यासमोर स्कार्फ बांधायचा की न बांधता झोपायचं, यातलं जास्त लाजिरवाणं काय, याचा विचार करून बाईंना घाम फुटायचा. त्यांनी आधी रजेची अडचण सांगितली, मग गुडघ्याची, मग वाचनालयात पुस्तकांची तपासणी निघाल्याची. कालच फोनवर मुलगी म्हणाली होती, "आई, तुला यायचं नसेल तर सरळ तसं सांग ना. मी रागावणार नाही. रविवारपर्यंत सांग, म्हणजे मला एखादी बाई बघता येईल." रागावणार नाही हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज बाईंना ओळखीचा होता. परक्यांशी बोलताना बाई स्वतः तो वापरत.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जायचं त्यांच्या जिवावर आलं. दाढ दुखतेय म्हणून त्यांनी रजा टाकली, आणि दाढ थोडी दुखतही होती म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर आडव्या अंगाचे, गप्पिष्ट, तोंडात आरसा घालून प्रश्न विचारायची सवय असलेले. दाढ पाहून झाल्यावर ते म्हणाले, "दात चांगलेच झिजलेत की हो. झोपेत चावता का?"

"माहीत नाही. एकटीच असते."

"घोरता?"

"नाही," बाई म्हणाल्या. इतक्या झटकन म्हणाल्या की डॉक्टरांनी आरसा बाजूला ठेवला.

"बरं. आणि गालावर ही वळी कसली? हेल्मेट घालून झोपता काय?"

ते चेष्टेने म्हणाले होते, आणि बाई रडायच्या बेतात आल्या होत्या. आडव्या झालेल्या खुर्चीत, गळ्याला कागदी टॉवेल लावून, तोंड बधिर नसतानाही धड बोलता येत नव्हतं. नवऱ्याला, मुलीला, कुणालाही न सांगितलेलं त्यांनी त्या परक्या माणसाला सांगून टाकलं. डॉक्टर हसले नाहीत. "दाखवा बघू कसा बांधता," म्हणून त्यांनी एक स्वच्छ पट्टी दिली, आणि बाईंनी सवयीच्या हातांनी ती हनुवटीच्या पुढून घेऊन मानेमागे आवळली. भर दिवसा, दिव्याखाली, दुसऱ्या माणसासमोर. डॉक्टर जरा वेळ बघत राहिले. मग त्यांनी गाठीत बोट घालून पाहिलं.

"अहो, पण ही तर जबडा मागे ओढतेय," ते म्हणाले. "जीभ कुठे बांधलेली असते? जबड्याला. जबडा मागे गेला की जीभ मागे जाते, आणि जिभेच्या मागे श्वासाची वाट. ती अरुंद झाली की हवा जोर लावून आत घ्यावी लागते, तिथलं मऊ मांस फडफडतं, तो आवाज. आणखी अरुंद केली की आवाज बंद होतो. का? कारण हवाच जात नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय तुमचं. बिचारं तोंड बांधून काय होणार, अडतंय मागे."

"म्हणजे आवाज नसायचा तेव्हा..."

"तेव्हा श्वास मोकळा असेलच असं नाही. कदाचित नसेलच." त्यांनी पट्टी सोडली. "आता असं करा. घोरून दाखवा."

बाईंना आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. पार्टिशनच्या पलीकडे लोक बसलेले होते. कुणीतरी मासिकाची पानं उलटत होतं.

"अहो, लाजू नका. हे बघा," म्हणून डॉक्टरांनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि असे काही घोरले की पलीकडची पानं थांबली. "आता तुम्ही."

पहिल्यांदा नुसता खाकरल्यासारखा आवाज निघाला. दुसऱ्यांदा बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले, जबडा सैल सोडून मागे जाऊ दिला आणि श्वास ओढला. आणि तो आवाज आला. ओबडधोबड, ओला, लाज सोडलेला. स्वतःचा तो आवाज जागेपणी त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. इतकी वर्षं जो दुसऱ्यांना ऐकू जातो म्हणून त्या जगापासून तोंड लपवत होत्या, त्याची आणि त्यांची ही पहिली भेट. कानशिलं तापली. डॉक्टरांनी मग जीभ दाबायच्या दोन-तीन लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून त्यांच्या दातांमध्ये दिल्या, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येईपर्यंत जबडा हळूच पुढे आणायला लावला आणि म्हणाले, "आता घोरा."

बाईंनी प्रयत्न केला. हवा नुसतीच आत गेली. पुन्हा प्रयत्न केला, जोर लावला. हवा गार, सरळ, कुठेही न अडता आत जात राहिली. घशामागे एवढी जागा आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. बोटभर जबडा पुढे आणायचा, बस्स. आणि त्या बोटभर जागेपायी आपण कुणाकुणाला नाही म्हणालो, हे आठवून त्यांना आनंद झाला नाही, भयंकर लाज वाटली. आधीची लाज निदान सहन करायची सवय तरी होती. ही नवी होती, मूर्खपणाची.

"रात्री जबडा असा पुढे धरून ठेवणारं साधन बनवता येतं, दातांवर बसवायचं," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "पण आधी झोपेची तपासणी करून घ्या. नुसतं घोरणं आहे की श्वास थांबतोय ते कळायला हवं. तोवर तो स्कार्फ बंद. घरात कुणी सांगू शकेल का, मध्येच श्वास थांबतो का ते?"

"घरात कुणी नाही," बाई म्हणाल्या.

रस्त्याने जाताना त्या खालचा जबडा पुढे काढून चालत होत्या. थोडं चाललं की तो आपोआप मागे जाई, मग पुन्हा पुढे. एका दुकानाच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसला, भांडायला निघालेल्या बाईसारखा, आणि त्यांनी घाईने तो आत घेतला. पुन्हा बाहेर काढला. बघू देत. बघायचं ते सगळं लोकांनी पाहिलंच होतं. पण डॉक्टरांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. आवाज नसायचा तेव्हा. वाचनखोलीत छातीवर हनुवटी टेकलेला एखादा म्हातारा मधूनच गप्प व्हायचा, बाईंना बरं वाटायचं, त्या पुन्हा आपल्या कामाला लागायच्या. ते बरं वाटणं आता त्यांच्या अंगावर आलं. खुर्ची त्यांनी ढकलली ती फक्त आवाजासाठी. त्या शांततेत कधी उठून पाहिलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मुलगी स्वतःच आली. जिना चढून आल्यामुळे धापा टाकत, एक हात कमरेवर. "फोनवर तू काही बोलणार नाहीस हे मला माहितीये, म्हणून आले," ती म्हणाली आणि सोफ्यावर बसली. बाईंनी चहा केला. चहा होईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात गुडघ्याचं वाक्य एकदा म्हणून पाहिलं. ते ओठांवर येईना. त्या कप घेऊन बाहेर आल्या, समोर बसल्या, आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मी घोरते."

मुलीने कप तोंडापाशी थांबवला. "काय?"

"घोरते मी. खूप. म्हणून येत नाही कुठे. तुझ्या सासूबाई शेजारी... मला नाही गं सहन होणार सकाळी उठून त्यांचं तोंड बघणं. तुलाही लाज वाटेल. लहानपणी वाटायचीच."

"मला?"

"त्या लग्नात. तुझी काकू बोलली तेव्हा. तुझे कान लाल झाले होते."

मुलीने कप खाली ठेवला. "आई, मला काकूचा राग आला होता. ती म्हणाली पहाटेपर्यंत करवत चालू होती. खोटं. मध्ये मध्ये बंद पडायची. मला माहीत होतं ना, मी जागी होते."

"तू का जागी होतीस?"

"मी जागीच असायचे." हे ती अगदी साधेपणाने, शाळा कुठली होती ते सांगावं तसं म्हणाली. "तू घोरायला लागलीस की मला छान वाटायचं. झोप यायची. मग एकदम थांबायचं. मग मी वाट बघायचे. सुरू नाही झालं तर उठून यायचे तुझ्यापाशी. आधी हलवायचे, तर तू ओरडायचीस, झोपू दे गं, कटकट नको. म्हणून मग हनुवटी धरायला लागले. दोन बोटांनी अशी वर करून पुढे आणली ना, की तू मोठ्ठा श्वास घ्यायचीस आणि गाडी चालू."

"कुणी शिकवलं तुला?"

"कोण शिकवणार? उशी काढून पाहिली, कूस बदलून पाहिली. हनुवटी धरली की व्हायचं, म्हणून तेच करायचे. तू हात झटकायचीस. चालायचं मला."

बाईंनी स्वतःच्या हनुवटीला हात लावला. "आणि खोली वेगळी केल्यावर?"

"दार उघडं ठेवायचे. पण मग तू ते बांधायला लागलीस." मुलीने खालचा ओठ दाताखाली धरला आणि सोडला. "माझं बोट त्याच्या आत जायचं नाही. गाठ मागे, तुझ्या डोक्याखाली. एकदा कात्री आणली होती मी. पण भीती वाटली, तू जागी झालीस तर."

"मग काय करायचीस?"

"काही नाही. बसून राहायचे तिथेच, जमिनीवर. आपोआप सुरू व्हायचं कधीतरी."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाईंना मुलगी दहा-अकरा वर्षांची दिसत होती, गृहपाठाच्या वहीवर डोकं टेकून झोपलेली, भर दुपारी, दप्तर तसंच. आणि त्या स्वतः, तिच्या मागे उभ्या. झोपाळू कुठली. नाव काय ठेवलं होतं त्यांनी? सुस्तोबा. शाळेत पालकसभेला वर्गशिक्षिका म्हणाल्या होत्या, मुलगी हुशार आहे पण वर्गात पेंगते, तेव्हा बाई सगळ्या पालकांसमोर हसून म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे एक हीच आळशी निघाली." शेजारी उभी असलेली मुलगी तेव्हाही जांभई दाबत होती. तिने कधीच काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर आईला लाज वाटली असती. दहा वर्षांच्या पोरीला एवढं कळत होतं, आणि आपल्याला तिच्या लाल कानांत आपलीच लाज दिसली. स्वतःच्या आवाजाचं त्यांना एवढं पडलं होतं की तो आवाज कुणाला हवासा असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. घोरण्याची लाज किती हलकी होती, हे बाईंना आता कळलं. ती परत मिळाली असती तर त्यांनी आनंदाने घेतली असती.

"बोलली का नाहीस कधी?" त्यांनी विचारलं, आणि प्रश्न तोंडातून निघताच त्याचीही लाज वाटली.

"तू मला खोलीबाहेर काढलंस ना. मला वाटलं, तुला कळलंय मी हात लावते ते, आणि तुला आवडत नाही." मुलीने पोटावरून हात फिरवला. "जाऊ दे. मी त्यासाठी आले नाहीये. मला वेगळीच भीती वाटतेय. बाळ झालं की मी झोपणारच नाही आई, मला माहितीये. ते झोपलं की मी त्याचा श्वास ऐकत बसणार. मला दुसरं काही येतच नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, सगळ्याच आयांना होतं तसं. पैसे देऊन आणलेल्या बाईवर माझा विश्वास बसणार नाही. तू असशील तर मी झोपेन. तू घोर नाहीतर काही कर. सासूबाईंना मी सांगेन. पण ये."

"येते," बाई म्हणाल्या. माफी मागावी असं त्यांना फार वाटत होतं, पण कुठल्या कुठल्या गोष्टीची, आणि ती मागितली असती तर मुलीनेच त्यांची समजूत घातली असती. तेवढं तरी आता तिला करायला लावायचं नव्हतं.

"खरं?"

"खरं. तपासणी आहे पुढच्या आठवड्यात, ती झाली की दातांचा साचा देणार आहेत. पण ते होवो न होवो, येते."

"दातांचा साचा? तो कशाला?" मुलगी हसली, जांभई दिली, सोफ्यावर पाय वर घेतले. बाई सांगू लागल्या. डॉक्टर, लाकडी पट्ट्या, पार्टिशनपलीकडची थांबलेली पानं. आपण घोरून दाखवलं ते त्यांनी अगदी नकलेसकट सांगितलं, तेव्हा मुलगी पोट धरून हसली. मग हसणं ओसरलं. मग उत्तरं यायची थांबली. बाईंनी वर पाहिलं तर तिची मान उशीच्या कडेवरून घसरली होती, हनुवटी छातीला लागली होती, आणि घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला होता. जबडा बाईंचाच होता. लहानसा, मागे दबलेला. इतकी वर्षं त्यांनी तो कधी नीट पाहिला नव्हता. सातव्या महिन्यात सूज येते, वजन वाढतं, असं काही त्यांच्या मनात येत होतं, आणि तेवढ्यात आवाज थांबला.

खोलीत शांतता झाली. बाई जन्मात कधी एवढ्या चटकन उठल्या नसतील. सोफ्याशी गुडघे टेकून त्यांनी दोन बोटं मुलीच्या हनुवटीखाली घातली, हलकेच वर उचलली आणि पुढे आणली. तिने मोठा श्वास घेतला, कपाळाला आठी घातली आणि डोळे न उघडता त्यांचा हात झटकला. "झोपू दे ना," ती झोपेतच, चिडून म्हणाली.

"झोप," बाई म्हणाल्या, आणि हात पुन्हा तिथेच ठेवला.